एकच फोन, सगळ्या घराचा

आईबाबांनो, सोयाबीनच्या सोंगणीत दिवसभर राबून तुम्ही वावरातून घरी येता. स्वयंपाक होईपर्यंत लेकरू कुरकुर करू नये म्हणून त्याच्या हातात फोन देता. यासाठी मी तुम्हाला बोल लावणार नाही. आपल्या वाशिम जिल्ह्यातलं रिसोड असो की मानोरा, दमलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? मला बोलायचंय ते त्या फोनमध्ये आधीपासून काय साठलेलं असतं, त्याबद्दल.

1987 साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘रामायण’ लागलं, की ज्या घरी टीव्ही असे तिथे शेजारपाजारची माणसं गोळा होत. यात्रेतल्या तंबूतला सिनेमाही गावानं मिळूनच पाहिलेला. लेकरू काय पाहतंय हे कुणाला विचारावं लागत नसे, कारण आपण त्याच्या शेजारीच बसलेलो असायचो. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं, इंटरनेट स्वस्त झालं आणि पाहणं ज्याचं त्याचं झालं. पुढे कोरोनात शाळाच फोनवर आली, तेव्हा ‘नको’ म्हणायची सोयही उरली नाही. त्याच काळात, जून 2020 मध्ये, टिकटॉकवर बंदी आली. सप्टेंबरात यूट्यूबनं तसल्याच छोट्या व्हिडिओंचं ‘शॉर्ट्स’ सर्वांत आधी भारतातच आणलं. लेकरांच्या बोटाला लागलेली सवय मोडायला मधे तीन महिनेसुद्धा मिळाले नाहीत.

आपल्याकडे पुष्कळ घरांत फोन एकच असतो, बाबांचा. यूट्यूबला तो कुणाच्या हातात आहे हे कळत नाही. कोणता व्हिडिओ किती वेळ पाहिला, कोणता पुन्हा लावला, कोणता लगेच सरकवला, अशा गोष्टी ते पाहतं आणि त्यावरून पुढचं काढून देतं. रात्री तुम्ही मारामारीचे, भांडणाचे, शिवराळ विनोदाचे व्हिडिओ पाहिलेत, तर सकाळी तोच फोन तिसरीतल्या मुलीला तसलंच दाखवायला लागतो. तिनं काहीच शोधलेलं नसतं. तुमचं पाहणं तिच्या वाट्याला आलेलं असतं. ‘पोरगी बिघडली’ म्हणायच्या आधी एवढं तपासा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यातल्या बांशी गावानं 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव करून अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदी केली. त्यांची काळजी खरी आहे. पण मला सांगलीकडच्या मोहित्यांचे वडगावची रीत जास्त पटते. तिथे संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजला, की दीड तास सगळ्यांचेच टीव्ही आणि मोबाइल बंद होतात, मोठ्यांचेसुद्धा. मुलांनी पाळावं असं वाटत असेल, तर आधी आपणच पाळायला हवं.

फोन वाईटच, असं मात्र मी मुळीच मानत नाही. पोहरादेवीच्या आसपासच्या बंजारा तांड्यांवर होळीला लेंगी ही गाणी गातात. त्यांची गोरबोली भाषा टीव्हीवर क्वचितच ऐकू यायची. आता पोरं स्वतःच मोबाइलवर गाणी चित्रित करतात आणि कामासाठी मुंबई-पुण्याला गेलेली माणसं ती तिकडे ऐकतात. नुसते व्हिडिओ सरकवत बसणाऱ्या मुलापेक्षा आजीला गायला लावून रेकॉर्ड करणारा मुलगा त्याच फोनचा फार वेगळा उपयोग करत असतो. त्याला हौसेनं मदत करा.

छोट्यांसाठी ‘यूट्यूब किड्स’ हे वेगळं अ‍ॅप टाकून घ्या. नेहमीच्या यूट्यूबचं स्वतःचं खातं तेरा वर्षांच्या आत चालत नाही, हेही ध्यानात असू द्या. ऑटोप्ले बंद करा, म्हणजे एक व्हिडिओ संपल्यावर दुसरा आपोआप लागणार नाही. सेटिंगमध्ये जुनी हिस्टरी पुसून ती पुढे साठणंही बंद केलं, की पहिल्या पानावर व्हिडिओ सुचवणं जवळजवळ थांबतं. मग जे पाहायचं ते लेकराला स्वतः शोधावं लागतं.

हिस्टरी पुसण्याआधी एकदा लेकराला शेजारी घेऊन ती वाचा. त्यातलं तुमचं कोणतं आणि त्याचं कोणतं, हे दोघांनी मिळून ओळखा. त्याला आवडलेला एखादा व्हिडिओ त्याच्यासोबत शेवटपर्यंत पाहा आणि काय आवडलं ते विचारा. उत्तर यायला वेळ लागेल. तेवढा वेळ थांबा.