संगणकीय सातबारा, फेरफार आणि खातेदाराची दक्षता

जमिनीची मशागत, पेरणी व पिकाची राखण यांविषयी आपला शेतकरी जितका दक्ष असतो, तितका तो जमिनीच्या कागदपत्रांविषयी असतोच असे नाही. कागदाची आठवण होते ती कर्ज, पीकविमा किंवा अनुदान हवे असते तेव्हा. त्या वेळी दोष आढळला, तर हंगाम थांबत नाही आणि कागदही लगेच दुरुस्त होत नाही.

आमच्या कार्यक्षेत्रातील एका गावी गेल्या काही दिवसांत आलेला अनुभव येथे सांगणे उपयुक्त होईल. कापूस व तूर घेणाऱ्या एका विधवा भगिनींना ठिबक संचासाठी अर्ज करावयाचा होता. पती वारून सहा वर्षे झाली होती. जमीन त्याच कसत होत्या. परंतु सातबारा अद्याप पतीच्याच नावे होता आणि फेडलेल्या पीककर्जाचा बोजाही उताऱ्यावर तसाच राहिला होता. “आता सगळे संगणकावर आहे ना, मग नाव आपोआप का लागले नाही?” असा त्यांचा प्रश्न होता. या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक खातेदाराने नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

जुन्या दप्तरांची परंपरा

जमिनीची मोजणी करून धारा ठरविण्याची पद्धत आपल्या भागास नवी नाही. ज्या मलिक अंबराने खडकी, म्हणजे पुढील काळातील औरंगाबाद व आजचे छत्रपती संभाजीनगर, हे शहर वसविले, त्याची महसूल व्यवस्था दख्खनमध्ये प्रसिद्ध होती. पुढे निजामाच्या राजवटीत मराठवाड्याचे सरकारी दप्तर उर्दूत व फसली सनाप्रमाणे ठेवले जाई. 1948 साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतर 1954-55 मध्ये तयार झालेले खासरा पाहणी पत्रक आजही जुन्या हक्काचा शोध घेताना पाहिले जाते. 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 ही 1967 पासून अंमलात आल्यावर सर्वत्र एकच पद्धत लागू झाली.

म्हणजे आपल्याकडील नोंद उर्दूतून मराठीत, जुन्या नमुन्यातून नव्या नमुन्यात, एकर-गुंठ्यांतून हेक्टर-आरमध्ये आणि शेवटी वहीतून संगणकात अशी उतरत आली आहे. प्रत्येक नक्कल करताना नाव, क्षेत्र किंवा हिस्सा चुकण्याचा संभव असतो. संगणक चुकीचा आकडाही तितक्याच स्वच्छ अक्षरांत छापतो, हे ध्यानात ठेवावे.

फेरफार म्हणजे काय?

सातबारा हा गाव नमुना 7 (अधिकार अभिलेख) व गाव नमुना 12 (पिकांची नोंद) यांचा एकत्र उतारा होय. जमिनीवरील हक्कात बदल झाला की तो प्रथम गाव नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, लिहिला जातो. तलाठी (आताचे ग्राम महसूल अधिकारी) नोंद घेतात, संबंधितांना नोटीस देतात आणि हरकतीसाठी 15 दिवसांची मुदत असते. हरकत न आल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात व त्यानंतरच सातबारा बदलतो. हरकत आल्यास प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते व सुनावणीनंतर निर्णय होतो. निर्णय मान्य नसेल, तर 60 दिवसांच्या आत उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येते.

संगणकामुळे काय बदलले?

केंद्र शासनाने 2008 मध्ये भूमी अभिलेख आधुनिकीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. त्यातून आपल्या राज्यात ई-फेरफार प्रणाली उभी राहिली. दुय्यम निबंधकांकडे खरेदीखत नोंदले गेले की त्याची माहिती संगणकाद्वारे तलाठ्याकडे पोहोचते व फेरफाराची कार्यवाही सुरू होते. नोटिसा ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावरही पाहावयास मिळतात. 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. 15 रुपये शुल्क भरून मिळणाऱ्या या उताऱ्यावर तलाठ्याच्या शिक्क्याची वा हाताच्या सहीची गरज राहत नाही. विनाशुल्क दिसणारा विनास्वाक्षरीचा उतारा मात्र केवळ माहितीसाठी असतो.

हस्तलिखित वहीत मागाहून ओळ घुसविणे किंवा खाडाखोड करणे शक्य होते. आता प्रत्येक बदलामागे फेरफार क्रमांक व प्रमाणित करणाऱ्या अधिकाऱ्याची स्वाक्षरी असते. हा मोठाच लाभ होय.

काय बदलले नाही?

पहिली गोष्ट अशी की, ज्या बदलाचा नोंदणीकृत दस्त नाही, तो संगणकास आपोआप कळत नाही. मृत्यू, वारसा व कर्जफेड यांची वर्दी माणसानेच द्यावयाची असते. वारसाहक्काने किंवा अन्य रीतीने हक्क मिळाल्यास तो तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास कळवावा, असे संहितेचे कलम 149 सांगते. नोंदणीकृत दस्ताने हक्क मिळाल्यास मात्र हे बंधन नाही, कारण ती माहिती निबंधकाकडूनच येते.

दुसरी गोष्ट अशी की, सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. कलम 157 प्रमाणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ही नोंद खरी मानली जाते, एवढेच. 1858 साली दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स यांनी अशी पद्धत सुरू केली की, नोंदवहीतील मालकीची हमी शासनच देते. आपल्याकडे अशी हमी नाही. म्हणून खरेदीखत, वाटणीपत्र, जुना पाहणी उतारा व फेरफाराची प्रत हे कागद संगणकाच्या भरवशावर टाकून देऊ नयेत. जुन्या दस्तांवर जिल्ह्याचे नाव औरंगाबाद असेल, तर तेवढ्याने ते निरुपयोगी ठरत नाहीत.

उतारा हाती आल्यावर काय तपासावे?

1. गट क्रमांक आणि सर्व खातेदारांची संपूर्ण नावे. आधार कार्डावरील व सातबाऱ्यावरील नावांत फरक असल्यास योजनांचे अर्ज अडतात.

2. क्षेत्र. एक एकर म्हणजे सुमारे 40.47 आर. उदाहरणार्थ, 3 एकर 20 गुंठे जमीन उताऱ्यावर सुमारे 1 हेक्टर 42 आर दिसली पाहिजे. सर्व खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राशी जुळते की नाही, हेही पाहावे.

3. भोगवटादार वर्ग. वर्ग 2 ची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून हस्तांतरित करता येत नाही. खरेदी करणाराने हे प्रथम पाहावे.

4. इतर हक्क. फेडलेल्या कर्जाचा बोजा शिल्लक असल्यास बँकेचा किंवा सोसायटीचा बेबाकी दाखला घेऊन तो कमी करण्यासाठी अर्ज करावा.

लेखनप्रमादाची चूक कलम 155 खाली तहसीलदारांच्या आदेशाने दुरुस्त होऊ शकते. त्यासाठी मूळ फेरफाराची किंवा जुन्या हस्तलिखित सातबाऱ्याची नक्कल अर्जास जोडावी. हक्काचाच वाद असल्यास मात्र तो दिवाणी न्यायालयात चालतो.

वारसनोंद करताना

मृत्यूचा दाखला व सर्व वारसांची माहिती देणारे प्रतिज्ञापत्र यांसह अर्ज करावा. ई-हक्क प्रणालीद्वारे हा अर्ज घरबसल्याही करता येतो. सर्व वारस म्हणजे विधवा, मुलगे आणि मुलीही. लग्न होऊन सासरी गेलेल्या बहिणीचे नाव गाळण्याची रीत काही ठिकाणी अद्याप दिसते. ती बेकायदेशीर आहे व पुढे भाऊबंदकीचे मूळ ठरते. बहिणीस स्वखुशीने आपला हिस्सा सोडावयाचा असेल, तर त्यासाठी नोंदणीकृत हक्कसोडपत्र हा योग्य मार्ग आहे. तोंडी संमती पुरेशी नाही.

2025 मध्ये शासनाने मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी ‘जिवंत सातबारा’ मोहीम राज्यभर राबविली. तरीही घरोघरी चौकशी केल्यास राहिलेल्या नोंदी आढळतील.

कार्यकर्त्यांस सूचना

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी खरिपापूर्वीच्या ग्रामसभेत सातबाऱ्यांचे जाहीर वाचन व्हावे यासाठी प्रयत्न करावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना उतारा वाचून दाखवावा आणि तलाठ्याने बजावलेल्या नोटिशीचा अर्थ समजावून द्यावा. नोटीस न वाचता सही किंवा अंगठा देऊ नये, हे पुनःपुन्हा सांगावे. पंधरा दिवस हातचे गेले, तर पुढे अपिलाची वाट धरावी लागते. शेतकरी ओळख क्रमांक सातबाऱ्याशी जोडलेला असल्याने, ज्याचे नाव उताऱ्यावर नाही त्याला तो मिळण्यास व पर्यायाने योजनांचा लाभ घेण्यास अडचण येते.

आरंभी उल्लेखिलेल्या भगिनींनी अर्ज केला. त्यांच्या व दोन्ही मुलींच्या नावाची नोंद प्रमाणित झाली आणि बोजाही उतरला. मात्र तोवर त्या हंगामाच्या अनुदानाची मुदत टळून गेली होती. वर्दी सहा वर्षांपूर्वीच दिली असती, तर हे नुकसान झाले नसते. म्हणून प्रत्येक खातेदाराने वर्षातून एकदा, शक्यतो पेरणीपूर्वी, आपला सातबारा व खाते उतारा काढून घरातील सर्वांसमक्ष वाचावा, हेच हितावह होय.