आकडा आला कुठून? ‘आर’मधल्या तयार फंक्शनच्या आत असं डोकवा

व्हिडिओत घाईघाईत सांगितलेला भाग आज इथे शांतपणे बघूया.

आपल्या बॅचमधल्या एक ताई डबे पुरवतात. तीन दिवसांची मागणी होती ४०, ५० आणि ६०. सरासरी ५०. मागणी किती खाली-वर होते हे बघायला त्यांनी ‘आर’मध्ये प्रमाण विचलन काढलं, आलं १०. मुलाने एक्सेलमध्ये काढलं, आलं ८.१६. ताई म्हणाल्या, “सर, जास्तीचे डबे दहा करू की आठ?” रोज दोन डबे उरले तरी नफ्यातूनच जातात ना!

अशा वेळी अंदाज बांधायचा नाही. ‘आर’ मुक्त सॉफ्टवेअर आहे, आतला कोड कुणीही वाचू शकतो.

पायरी १: फंक्शनचं नाव कंस न लावता लिहा आणि एंटर दाबा. ‘एसडी’ लिहिलंत की त्याचा कोड समोर येतो. त्यात दिसेल, की हे फंक्शन ‘व्हीएआर’, म्हणजे व्हेरियन्स काढून त्याचं वर्गमूळ घेतं.

पायरी २: आता ‘व्हीएआर’ तसंच उघडा. शेवटी ‘डॉट कॉल’ दिसेल. म्हणजे खरं गणित सी भाषेत आहे. ते वाचायचं तर ‘क्रॅन’वरून ‘आर’चा सोर्स कोड डाउनलोड करा, त्यात ‘सीओव्ही डॉट सी’ ही फाइल शोधा. सी येत नाही? हरकत नाही. नावाआधी प्रश्नचिन्ह लावून मदतीचं पान उघडा. तिथे स्पष्ट लिहिलंय, की भागाकार एकूण संख्येतून १ वजा करून होतो.

पायरी ३: काही फंक्शन वेगळी दिसतील. ‘मीन’ उघडलंत तर फक्त ‘यूज मेथड’ दिसतं. घाबरू नका. ‘मेथड्स’च्या कंसात ‘मीन’ लिहा, यादी येईल. त्यातलं ‘मीन डॉट डिफॉल्ट’ उघडा. यादीत एखाद्या नावापुढे तारा असेल, तर ते ‘गेट एनीव्हेअर’ने उघडतं. ‘सम’ला मात्र ‘प्रिमिटिव्ह’ असं उत्तर येतं, त्याचा कोड थेट सी मध्येच आहे.

आता ताईंचा हिशोब. सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज २००. ‘आर’ने २ ने भागलं, वर्गमूळ १०. मुलाने एक्सेलमधलं ‘पी’वालं सूत्र वापरलं होतं. त्याने ३ ने भागलं, वर्गमूळ ८.१६. चूक कुणाचीच नाही. पण तीन दिवस हा फक्त नमुना आहे, म्हणून इथे १० धरायचे. एक्सेलमध्येही ‘एस’वालं सूत्र १०च देतं. आणि खरं सांगू? तीन दिवसांवर निर्णय घेऊच नका, निदान महिनाभराची नोंद ठेवा. दिवस वाढले की या दोन उत्तरांतला फरकही कमी होत जातो.

गृहपाठ: आज ‘मीडियन’ उघडून बघा. ज्या आकड्यावर पैसे लावणार, तो कसा आला हे आपल्याला सांगता आलंच पाहिजे!