वरवरची म्हणण्याआधी

चि. निखिल,


ग्रामीण रुग्णालयात पोस्टिंग लागल्याचं ताईकडून कळलं. ऊसतोड सुरू आहे. कोयत्याचे घाव, बैलाची शिंगं, बाइकच्या हँडलवर आदळलेली माणसं असं सगळं कॅज्युअल्टीत येईल. हातापायाच्या जखमा तुला जमतील. छातीवरच्या जखमेला मात्र पहिल्या नजरेत ‘वरवरची’ म्हणायचं नाही.

१४ ऑक्टोबर १९१२ रोजी मिलवॉकीत प्रचारसभेला निघालेले अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या छातीत एका माथेफिरूने गोळी झाडली. खिशातल्या ५० पानी भाषणाची घडी आणि चष्म्याची धातूची डबी भेदून ती आत गेली. रूझवेल्ट यांनी हातावर खोकून पाहिलं. रक्त दिसलं नाही, म्हणजे फुप्फुस शाबूत, असं ठरवून गडी सभेला गेला आणि तासाभराहून जास्त बोलला! पुढे एक्स-रेत गोळी छातीच्या भिंतीतच अडकलेली दिसली. डॉक्टरांनी ती काढली नाही. १९१९ मध्ये वारले तेव्हाही ती तिथंच होती. धिटाईला सलाम, पण ही परीक्षा कच्ची. फुप्फुसाला इजा होऊनही थुंकी स्वच्छ असू शकते.

जखमेच्या तोंडावरून खोली कळत नाही. कोयत्याचा वीतभर घाव कातडी, चरबी आणि थोड्या स्नायूवर थांबू शकतो. सुऱ्याचं अर्ध्या इंचाचं भोक फुप्फुसापर्यंत पोचलेलं असू शकतं. म्हणून शर्ट पूर्ण उतरवून पाठ आणि काखही बघायची. श्वासाची गती, ऑक्सिजन, नाडी, बीपी, दोन्हीकडचा हवेचा आवाज. जखमेभोवती बोटांनी दाबल्यावर कातडीखाली चुरचुर लागली, तर तिथं हवा शिरली आहे. घाव स्तनाग्राच्या पातळीखाली असेल तर पोटाचाही संशय धरायचा, कारण श्वास सोडताना श्वासपटल तिथपर्यंत वर येतं.

जखमेत बोट किंवा प्रोब घालून खोली मोजू नकोस. थांबलेलं रक्त सुरू होतं आणि नसलेली वाट तयार होते. भोसकलेल्याचा पहिला एक्स-रे साफ आला तरी त्याला थांबवून तीन ते सहा तासांनी दुसरा काढायचा. रुतलेली वस्तू उपटायची नाही. श्वासागणिक जखमेतून हवा फसफसत असेल तर टाका नको. व्हॉल्व्हचं सील नसल्यास ड्रेसिंग तीन बाजूंनी चिकटवून चौथी मोकळी ठेव आणि १०८ बोलाव.

एवढ्यातून सुटली ती खरी वरवरची. तिला भरपूर सलाइनने धुवायचं. ते संपलं तर पिण्याचं पाणी चालतं. हळद किंवा कॉफी चेपून आलेल्याला झापू नकोस, पुढच्या वेळी तो येणारच नाही. शेणामातीची जखम असेल आणि धनुर्वाताच्या शेवटच्या डोसला ५ वर्षं उलटली असतील तर टीडीची लस दे. टाके साधारण ७ ते १० दिवसांनी काढ. छातीच्या मधल्या हाडावरचा व्रण फुगू शकतो, हे रुग्णाला आधीच सांगून ठेव.

बायका पदराआड घाव झाकून ‘पडले’ म्हणतील. सिस्टरला सोबत घे, पडदा ओढ, पण पदरावरून तपासणी होत नाही. मारहाणीचा संशय आला तर एमएलसी (मेडिको-लीगल केस) नोंदवायची, जखमेची जागा आणि माप लिहायचं. कपडा कापताना कात्री भोकातून चालवू नकोस. पोलिसांना ते भोक जसंच्या तसं लागतं.

तुझा,
मामा