देवराईचा नियम आणि आपली वर्गणी



आपल्या उसाला पाणी कुठून येतं? नदीवरून, धरणातून, असं आपण म्हणतो. पण पवना, इंद्रायणी, भीमा या तिन्ही नद्यांचा उगम सह्याद्रीत आहे. भीमेचा तर चाकण ज्या खेड तालुक्यात आहे त्याच तालुक्याच्या टोकाला, भीमाशंकरी. वरच्या गावांनी पाणी राखण्याची जी जुनी रीत पाळली तिचा थोडा अभ्यास येथे करू. ती रीत म्हणजे देवराई.

देवराई म्हणजे देवाच्या नावाने सोडलेलं रान. आत कुऱ्हाड-कोयता न्यायचा नाही. पुष्कळ ठिकाणी पडलेलं वाळकं लाकूडही उचलायचं नाही. फारच नड पडली तर देवाला कौल लावायचा. याला हसणारे असतात. शेतकी कॉलेजात असताना आम्हीही त्यांतलेच होतो. पण कामाची बाजू बघा. पाल्याचा जाड थर पावसाचं पाणी झेलतो, ते धावत न सुटता जमिनीत मुरतं आणि खालचा झरा पाऊस सरल्यावरही चालतो. उसात पाचट ठेवून आपण हेच करतो. फरक इतकाच, की राईतलं पाचट पिढ्यान्‌पिढ्या कोणी पेटवलेलं नाही.

डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० नंतर महाराष्ट्रातील देवराया हिंडून अभ्यासल्या. त्यावरचा त्यांचा निबंध १९७६ साली प्रसिद्ध झाला. त्या काळात श्रीवर्धन तालुक्यातील गाणी गावची राई तोडीसाठी नेमली गेली होती. गावकऱ्यांनी या दोघांकडे मदत मागितली. त्यांचं म्हणणं ओढ्याविषयी होतं: आसपासची रानं गेली तसे तिथले ओढे आटले, आमचा राईमुळे वाहतो. राई वाचली.

जवळचं उदाहरण मावळातील आजिवलीचं. तिथल्या वाघजाईच्या राईत भेरली माड आहेत. माड तोडायचा नाही, त्याची माडी काढायची. झाड उभं तोवर मिळकत, हा हिशेब गावाला पाठ.

आता आपल्या घरची गोष्ट. वरच्या गावांतली मुलं पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकणला कंपन्यांत लागली, चांगलंच झालं. मग वर्गणी निघते, जीर्णोद्धार ठरतो. पुष्कळ रायांतला देव मुळात उघड्यावरचा, शेंदूर फासलेला तांदळा. त्याला स्लॅब येतो, भोवती फरशी, गाडीला वाट. आधी ‘साफसफाई’ म्हणून वेली-झुडपं निघतात, मग एखादा जुना आंबा किंवा हिरडा. वाईट बुद्धीने हे कोणी करत नाही. नियम ठाऊक असलेला म्हातारा गावात, पैसेवाला नातू कॉलनीत. दोघांची गाठ यात्रेपुरती, तीही घाईत.

आपल्यापैकी पुष्कळांची सोयरीक त्या गावांत आहे. पावती फाडण्याआधी दोन गोष्टी विचारा: बांधकामात किती झाडं जाणार, आणि राईखालचा झरा कोणत्या महिन्यापर्यंत चालतो? दुसऱ्याचं उत्तर कमिटीला येईलच असं नाही. ते गुराख्याला किंवा पाणी भरणाऱ्या आजीला विचारा आणि लिहून घ्या. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत लोकांची जैवविविधता नोंदवही व्हायची असते. तीत झऱ्याची, झाडांच्या गावठी नावांची आणि कुऱ्हाडीच्या नियमाचीही नोंद घालता येते.