खाजेचं किती ऐकायचं?

आरमोरीच्या आसपासच्या गावांत आरोग्यसेविका म्हणून फिरताना पावसाळ्यात ताप-हगवणीच्या बरोबरीने कातडीच्याच तक्रारी ऐकू येतात. त्या ऐकता ऐकता माझ्या मनात जे पक्कं होत गेलं, ते हे.

१. खाज थांबली म्हणजे रोग गेला असं नसतं. हे मला गजकर्णाने शिकवलं. ओळखीच्या मेडिकलमधून आणलेल्या मलमात बुरशीच्या औषधासोबत बरेचदा जोरदार स्टिरॉइड असतं. दोन दिवसांत लाली उतरते, माणूस खूश होतो. बुरशी मात्र आपली पसरत राहते. मलम सोडलं की चट्टा आधीपेक्षा मोठा होऊन येतो, आणि कडा पुसट झाल्यामुळे ओळखायलाही अवघड जातो. जांघेत कातडी पातळ होऊन चिरा उमटतात, त्या कायमच्या. अशी कितीतरी मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम २०१८ मध्ये झाला. तरी ट्यूब घरोघरी दिसते, आणि एकीवर सगळं घर चालतं.

२. खरूज एका माणसाला होत नाही, घराला होते. परमेथ्रिनचं मलम मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत, बेंबीत, नखांखाली लावून रात्रभर ठेवायचं; घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, ज्याला खाज नाही त्यानेही. आठवड्याने पुन्हा. इथे खाज उलटं फसवते: किडे मेले तरी ती दोन-तीन आठवडे राहते, आणि लोक औषधाला नावं ठेवतात.

३. चिखल्यांवरचा उपाय सांगायला मला जड जातं. रोवणीच्या दिवसांत बाया सकाळपासून बांधीत वाकलेल्या असतात. बोटांच्या मधली कातडी पांढरी पडून फाटते. पाय कोरडे ठेवा, हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगू? म्हणून एवढंच सांगते की घरी आल्यावर पाय स्वच्छ धुवा, जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्याने बेचक्या टिपा, रात्रभर उघड्या ठेवा. वास किंवा खाज असेल तर बुरशीचं साधं मलम, स्टिरॉइड नसलेलं.

४. झाडपाल्याचं म्हणजे सौम्य, हा समज बिबा मोडतो. दुखऱ्या गुडघ्यावर बिब्याचं तेल लावलं की फोड बरेचदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतात, आणि तोवर बिब्याचा संशय कोणालाच येत नाही.

५. सगळ्यात घातकी चट्टा खाजतच नाही. “खाजत नाही न जी, कायले दाखवू?” हे वाक्य ऐकलं की माझा जीव धसकतो. अशा माणसाला मी डोळे मिटायला सांगते, कापसाचं टोक चट्ट्याला लावते आणि म्हणते, लागलं तिथे बोट ठेवा. बाजूच्या कातडीवर बोट बिनचूक जातं. चट्ट्यावर टेकवलं तर हात मांडीवरून हलत नाही. फिकट किंवा तांबूस, बधिर, घाम न येणारा असा चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो.

बाबा आमटेंनी १९४९ मध्ये वरोऱ्याला कुष्ठरुग्णांसाठी आनंदवनाची सुरुवात केली, तेव्हा एमडीटी, म्हणजे अनेक औषधांचा एकत्र उपचार, नव्हती. आज सहा किंवा बारा महिन्यांच्या गोळ्यांनी हा रोग पूर्ण बरा होतो आणि उपचार सुरू झाल्यावर लवकरच संसर्ग थांबतो. देशपातळीवर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण, हा टप्पा २००५ अखेर गाठला गेला. आमच्या गडचिरोली-चंद्रपुरात रुग्ण अजून सापडतात. गोळ्यांतल्या क्लोफाझिमिनने अंग काळवंडतं, त्या लाजेने काही जण औषध सोडतात. लग्नाच्या वयाच्या मुली तर जास्तच. हा रंग औषध संपल्यावर हळूहळू उतरतो, हे पहिल्या दिवशीच सांगायला हवं. बधिर पायांना रोज पाण्यात भिजवून तेल लावणं, भेगा तपासणं, एवढ्याने पुढच्या कितीतरी जखमा टळतात.

तुमच्या घरात कोणाच्या पाठीवर, दंडावर असा न खाजणारा चट्टा असेल तर आशाताईला दाखवा किंवा सरळ सरकारी दवाखान्यात या. तपासणी आणि गोळ्या, दोन्ही फुकट आहेत.