धुतलेले हात कशाने पुसावेत?

जेवणापूर्वी व शौचाहून आल्यावर हात साबणाने स्वच्छ धुवावेत, ही गोष्ट आता खेड्यातील शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. 2008 पासून दरवर्षी 15 ऑक्टोबर हा दिवस जगभर हात धुण्याचा दिवस म्हणून पाळला जातो. तथापि धुतलेला हात कशाने पुसावा, याचा विचार फार थोडी माणसे करतात. वास्तविक हात धुण्याचे काम हात कोरडा झाल्यावरच पुरे होते, आणि पुष्कळदा ते पुसतानाच बिघडते.

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील शिरपूर जैन हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळे दूरवरच्या यात्रेकरूंना परिचित आहे. भोवतालचा मुलूख मात्र सोयाबीन, तूर व हरभरा पिकविणाऱ्या शेतकऱ्यांचा आहे. सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत या भागातील कोणत्याही शिवारात दुपारी जेवणाची वेळ पाहावी. माणसे धुऱ्यावरील झाडाखाली जमतात व तांब्यातील पाण्याने हात धुतात. मग कोणी पदराला, कोणी गळ्यातील दुपट्ट्याला, तर कोणी धोतराच्या सोग्याला हात पुसून भाकरी मोडू लागतो. त्याच पदराने सकाळपासून घाम टिपलेला असतो, लेकराचे नाक पुसलेले असते आणि विळ्याची माती झटकलेली असते. हातावरून घालविलेले जंतू अशा रीतीने पदरावाटे पुन्हा हातावर येतात.

ओला हात का वाईट?

हात कितीही धुतला तरी त्यावर काही सूक्ष्मजंतू उरतातच. हात कोरडा असल्यास ते सहसा कातडीला चिकटून राहतात. हात ओला असल्यास पाण्याबरोबर ते स्पर्श होईल त्या वस्तूवर उतरतात. न्यूझीलंडमधील संशोधकांनी 1997 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे आढळले की, धुतलेला हात 10 सेकंद कापडाने पुसून नंतर 20 सेकंद यंत्राच्या हवेखाली धरल्यास, ओल्या हाताच्या मानाने, त्यावरून दुसऱ्याच्या कातडीवर जाणारे जंतू शेकडा 99.8, तर अन्नावर जाणारे जंतू शेकडा 94 या प्रमाणात कमी झाले. ओल्या हाताने पोळी वाढणे किंवा दुधाच्या भांड्यास हात लावणे का टाळावे, हे यावरून स्पष्ट होईल.

निरनिराळ्या रीतींचे गुणदोष

1. अंगावरील वस्त्र : पदर, सोगा, लुगडे किंवा सदरा यांना हात पुसणे ही सर्वांत सोयीची, परंतु सर्वांत सदोष रीत होय. अंगावरील कपडा दिवसभर धूळ, घाम, शेण व माती यांच्या सान्निध्यात असतो.

2. सर्वांसाठी एकच पंचा : मोरीजवळच्या खुंटीवर किंवा पंगतीच्या ठिकाणी टांगलेला पंचा दिसायला स्वच्छ असला, तरी दहा माणसांनी हात पुसल्यावर तो ओलाच राहतो. ओल्या कापडात जंतूंची वाढ झपाट्याने होते. मॉरिशस विद्यापीठातील संशोधकांनी 2018 साली महिनाभर वापरलेली 100 स्वयंपाकघरातील फडकी तपासली. त्यांपैकी 49 फडक्यांत जंतूंची वाढ आढळली. एकाच फडक्याने भांडी, हात व ओटा पुसला जात असे तेथे, तसेच फडके दमट राहत असे तेथे, हे प्रमाण अधिक होते. डोळ्यांच्या रोगांच्या बाबतीत सामाईक पंचा विशेष घातक ठरतो. खुपऱ्यांचा रोग अशाच पंचांमुळे व पदरांमुळे एका डोळ्यातून दुसऱ्या डोळ्यात जाई. पूर्वी या रोगाने आपल्या देशात अनेकांची दृष्टी हिरावून घेतली. ऑक्टोबर 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने, सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून भारतातून या रोगाचे निर्मूलन झाल्याचे जाहीर केले. तथापि 2023 च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळे येण्याची मोठी साथ पसरली होती, हे विसरून चालणार नाही.

3. स्वतःचे वेगळे फडके : प्रत्येक माणसाचे हात पुसण्याचे फडके निराळे असावे, ते रोज धुतले जावे व उन्हात खडखडीत वाळावे. खेड्यातील घरासाठी ही रीत सर्वांत उत्तम होय. कापडाच्या घर्षणाने उरलेसुरले जंतूही निघून जातात, आणि ऊन व कोरडेपणा या दोहोंमुळे फडक्यातील बहुतेक जंतू मरतात. जुन्या सुती धोतराचे किंवा लुगड्याचे वीतभर तुकडे या कामी चांगले. ते पाणी लवकर शोषतात आणि लवकर वाळतात.

4. वाऱ्यावर वाळविणे : स्वच्छ फडके जवळ नसेल तर हात झटकून, बोटे मोकळी सोडून वाऱ्यावर वाळू द्यावेत. मळक्या पदरापेक्षा ही रीत निश्चितच बरी. मात्र धीर धरला पाहिजे. अर्धवट ओले हात मांडीवर टेकविले की सगळा लाभ वाया जातो.

5. कागदी रुमाल : एकदा वापरून टाकून द्यावयाचा कागद रोगप्रतिबंधाच्या दृष्टीने निर्दोष असतो. हात थोड्या वेळात कोरडे होतात व जंतू कागदाबरोबर जातात. दवाखान्यांत म्हणूनच तो पसंत केला जातो. घरोघर रोज वापरण्यास तो खर्चिक आहे, व वापरलेल्या कागदाची विल्हेवाट लावावी लागते.

6. हवेची यंत्रे : मोठी रुग्णालये, उपाहारगृहे व विमानतळ येथे ही यंत्रे आढळतात. उष्ण हवेच्या यंत्राखाली हात पुरते कोरडे होण्यास पाऊण मिनिटाच्या आसपास वेळ लागतो. बहुतेक माणसे तेवढे थांबत नाहीत व ओलेच हात घेऊन बाहेर पडतात.

यंत्र व कागद यांच्या तुलनेविषयी संशोधकांत एकमत नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये 2000 साली 99 व्यक्तींवर कापड, कागद, उष्ण हवा व साधी हवा अशा चार रीती तपासण्यात आल्या. हातावर उरणाऱ्या जंतूंच्या बाबतीत त्यांच्यात लक्षात घेण्याजोगा फरक आढळला नाही. उलट 2014 साली इंग्लंडमधील लीड्स येथे झालेल्या प्रयोगात, जोरदार झोताच्या यंत्राभोवतालच्या हवेत कागदी रुमालाच्या मानाने 27 पट जंतू आढळले. याचा अर्थ इतकाच की, स्वतःच्या हातापुरते पाहिले तर फरक थोडा. परंतु शेजारच्या माणसाचा विचार केल्यास हातावरचे पाणी उडविण्यापेक्षा टिपून घेणे अधिक श्रेयस्कर.

परंपरेतील एक धडा

यात्रेकरूंच्या आचारात या विषयाला धरून एक मोलाची शिस्त पाहावयास मिळते. जैन कुटुंबांत पाणी दुहेरी कापडाच्या गळण्यातून गाळून घेण्याची रीत आहे, आणि ते गळणे दुसऱ्या कामास वापरीत नाहीत. श्वेतांबर पूजाविधीत अभिषेकानंतर मूर्ती ज्या वस्त्राने कोरडी करतात त्यास अंगलुछणे म्हणतात. भूमी व पाट पुसण्याचे वस्त्र त्याहून निराळे असते, आणि दोहोंची सरमिसळ होऊ देत नाहीत. या आचाराचा हेतू धार्मिक आहे. जंतुशास्त्राशी त्याचा संबंध नाही. तरीही एका कामाचे कापड दुसऱ्या कामास लावू नये, हा त्यातील नियम प्रत्येक घराच्या मोरीवर व चुलीपाशी उपयोगी पडण्यासारखा आहे.

गोठ्यातील हात

दुभत्या जनावरांच्या बाबतीत या नियमाचे मोल पैशांत मोजता येते. कासेचा दाह, ज्यास शेतकरी दगडी म्हणतात, एका जनावराकडून दुसऱ्याकडे धार काढणाऱ्याच्या हातावाटे व कास पुसण्याच्या फडक्यावाटे जातो. सड धुऊन ते ओलेच ठेवून धार काढल्यास सडावरून ओघळणारे घाणेरडे पाणी दुधात पडते. शिवाय सडाच्या तोंडाशी जंतू साचतात. यास्तव सड धुतल्यावर ते कोरडे करावेत, आणि त्यासाठी प्रत्येक गाय-म्हशीस वेगळे फडके घ्यावे. धार कोरड्या हाताने काढावी. बोटे दुधात बुडवून ओली करण्याची सवय सोडावी. दगडी झालेल्या जनावराची धार सर्वांच्या शेवटी काढावी.

फवारणीनंतरचा दुपट्टा

जंतूंइतकाच दुसरा धोका विषारी औषधांचा. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात 2017 च्या हंगामात कपाशीवरील फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. कीटकनाशके श्वासावाटे जातात, तशीच कातडीतूनही शरीरात शिरतात. फवारणी करताना औषधाने भिजलेला हात गळ्यातील दुपट्ट्यास पुसला, आणि त्याच दुपट्ट्याने पुढे तोंडावरचा घाम टिपला, तर विष तोंडापर्यंत पोचण्यास दुसरी वाट लागत नाही. हा दुपट्टा केवळ उन्हात टाकल्याने निर्विष होत नाही. तो इतर कपड्यांपासून वेगळा, साबणाने धुतला पाहिजे. बीजप्रक्रिया करतानाही हीच दक्षता घ्यावी. फवारणीच्या जागी हात पुसण्याचे फडके वेगळे ठेवावे आणि ते घरात आणू नये.

घरी काय करावे?

1. घरातील प्रत्येकास हात पुसण्याचे एकेक फडके द्यावे. ओळखण्यासाठी त्यास निरनिराळ्या रंगाचा दोरा घालावा.
2. हात, भांडी व ओटा यांची फडकी निराळी ठेवावीत. हाताचे फडके रोज धुवावे व उन्हात दोरीवर पसरून वाळवावे. चोळामोळा करून ठेवू नये.
3. पावसाळ्यात ऊन नसल्यास फडके उकळत्या पाण्यातून काढावे व चुलीच्या उबेजवळ वाळवावे. दोन फडकी आलटून पालटून वापरावीत.
4. शेतात जाताना भाकरीच्या फडक्याबरोबर हात पुसण्याचे वेगळे फडके न्यावे.
5. डोळे आलेल्या माणसाचे फडके इतरांनी वापरू नये.
6. शाळेत व महाप्रसादाच्या पंगतीत सर्वांसाठी एक पंचा टांगू नये. मुलांना स्वतःचा रुमाल आणण्यास सांगावे. नसेल त्याने हात वाऱ्यावर वाळवावेत.

या साऱ्यासाठी फारसा खर्च येत नाही. एका जुन्या लुगड्यातून घरातील सर्वांची फडकी निघतात. पाणी दुरून आणावे लागते अशा घरी तर धुतलेला हात वाया जाऊ न देणे हे पाणी वाचविण्याइतकेच महत्त्वाचे आहे. हात धुण्याची शिकवण घरोघर पोचली आहे. स्वच्छ व कोरड्या फडक्याची शिकवण तिच्या जोडीला पोचली, म्हणजे आजारापायी बुडणारे मजुरीचे दिवस व औषधपाण्याचा खर्च यांत निश्चितच घट होईल.