तोंडचं वाऱ्यावर जाते, बाबू

बाबू, तू अकोल्याच्या एमआयडीसीत जुनी डाळमिल चालवायला घेतलीस. चोवीस माणसं हाताखाली आली. आणि माय, तू सोमवारपासून अमरावतीजवळ नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात लागतेस. एकाच घरात एक मालक आणि एक कामगार. तुमची आजी म्हणते, आता जेवायला बसल्यावर रोज भांडण. म्हणून दोघांना एकत्र बसवलंय. माझ्यापाशी मंत्र एकच आहे आणि तो दोघांनाही लागतो.

मी अठ्ठावीस सीझन जिनिंगमध्ये हजेरी लिहिली. दिवाळीला सरकी काढायचे रेचे सुरू व्हायचे, उन्हाळा लागला की बंद. एका वर्षी होळीच्या घाईत मालकानं सहा मजुरांचा चुकारा हातोहात केला. वहीत ना सही, ना अंगठा. पुढं मजूर लेबर ऑफिसात गेले, पैसे मिळालेच नाहीत म्हणून. साहेबानं मालकाला एवढंच विचारलं, "वही दाखवा." वही कोरी. सहाही जणांना पुन्हा पैसे द्यावे लागले. मालक खोटा नव्हता. मजूरही सगळे खोटे नव्हते, दोघांना त्या दिवशी खरंच कमी मिळालं होतं. पण कोण कोणता, हे सांगायला कागद नव्हता. त्या संध्याकाळी आमचे मोठे मुनीम मला म्हणाले, "तोंडचं वाऱ्यावर जाते बाबू, कागदावरचं राह्यते."

आता कायद्यांची नावं बदलली. 29 जुने केंद्रीय कायदे चार संहितांत बसवले आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या लागू झाल्या. पण मुनिमांचं वाक्य कुणी बदललं नाही. मजुरी थकल्याचा दावा झाला तर ती दिली हे सिद्ध करायचं ओझं आजही मालकावरच आहे.

तर बाबू, आधी तुझं. पगार पुढच्या महिन्याच्या सातव्या दिवसाच्या आत, आणि शक्यतो बँकेतून. बँकेची नोंद म्हणजे फुकटचा साक्षीदार. माणसाला काढलंस किंवा तो सोडून गेला, तर दोन कामाच्या दिवसांत त्याचा हिशेब चुकता कर. किमान वेतनाचा तक्ता एकदा पाहून फडताळात ठेवू नको. आपल्या राज्यात मूळ वेतनावर विशेष भत्ता असतो आणि तो जानेवारीत अन् जुलैत बदलतो. वर्षातून दोनदा आकडा तपास, नाहीतर वर्षभर प्रामाणिकपणे कमी पगार देत बसशील.

हप्त्याचे 48 तास, एक दिवस सुट्टी. त्यावर काम घेतलंस तर दुप्पट दरानं पैसे. तुरीचा माल आला की रात्री मिल चालवावी लागते, ते मला कळतं. चालव. पण जादा तास त्याच रात्री लिही, महिनाअखेरी आठवून लिहू नको. आणि सुट्टी ही तुझी मेहेरबानी समजू नको. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी 10 जून 1890 ला मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंड्यांनी सहा वर्षं झगडून मिळवली तेव्हा.

वीसच्या वर माणसं आहेत, म्हणजे पीएफ आला. कामगाराचे 12 टक्के, तुझे 12 टक्के. बोनस आला, किमान 8.33 टक्के. यंदा नफा झाला नाही, ही सबब तिथं चालत नाही. माणूस कागदावर एकोणीस आणि मिलमध्ये चोवीस, हा खेळ आपल्याकडं पुष्कळांनी खेळून पाहिला. पट्ट्यात एखाद्याचा हात जातो आणि त्या दिवशी नेमका तो विसावा असतो.

ठेकेदाराकडून माणसं घेशील तर लक्षात ठेव, ठेकेदार पगार बुडवून पळाला तर तो पगार तुझ्या बोकांडी बसतो. त्याचं बिल काढण्याआधी मागच्या महिन्याचं पीएफचं चलन मागत जा. पोती चढवणाऱ्या हमालांचंही तसंच. 1969 चा माथाडी कायदा आपल्या महाराष्ट्रानं केला तो याच लोकांसाठी, ज्यांना एक मालक नसतो. योजना लागू आहे तिथं मजुरी आणि वरची लेव्ही मंडळात भरायची, मंडळ हमालाला देतं. गेटवर हातात नोटा टेकवल्या म्हणजे सुटलो, असं नाही.

एक घरचंही सांगतो. आपल्या शेतावर पाडव्याला सालदार ठरतो, उचल दिली जाते. उचल वहीत लिही, फेडीचा हिशेब त्याला दर महिन्याला वाचून दाखव. पण "पैसे फिटेपर्यंत जाऊ देणार नाही" हे शब्द तोंडातून काढू नको. 1976 च्या कायद्यानं तो वेठबिगारीचा गुन्हा आहे. सालदार पळून गेला तर पैसे बुडतील, अडवून ठेवलास तर अब्रू.

आता माय, तुझं. पहिल्या दिवशी नेमणुकीचं पत्र माग. नव्या संहितेत ते प्रत्येकाला द्यावंच लागतं, त्यामुळं मागायला लाजू नको. त्यात हुद्दा, पगार आणि रुजू झाल्याची तारीख वाचून घे. तारखेवर पुढचं सगळं उभं असतं. कोऱ्या कागदावर आणि बिनतारखेच्या राजीनाम्यावर सही करायची नाही, साहेब कितीही गोड बोलला तरी. मूळ मार्कशीट कुणाकडं ठेवायच्या नाहीत, झेरॉक्स द्यायची.

पगाराची चिठ्ठी दर महिन्याला जपून ठेव. पीएफ कापला एवढं पाहून थांबू नको, यूएएन टाकून मोबाईलवर पासबुक उघड आणि पैसे खरंच जमा झाले का बघ. कापलं आणि भरलं नाही, हे चार वर्षांनी कळण्यापेक्षा चौथ्या महिन्यात कळलेलं बरं. पगार 21,000 पर्यंत असेल तर ईएसआयसीचं कार्ड काढून घे. जून आणि डिसेंबरच्या चिठ्ठीत 25 रुपये कापलेले दिसतील. ते कामगार कल्याण मंडळाचे, मालक त्यात 75 घालतो. त्यावरच तुझ्या लेकरांना उद्या शिष्यवृत्ती मागता येईल. लोक पंचवीस रुपयांवरून कुरकुरतात आणि अर्ज करायला मात्र कुणी जात नाही.

रात्रपाळी लावली तर तुझी संमती लागते, येण्याजाण्याची सोयही विचार. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असावीच लागते. तिच्यातल्या बायांची नावं पहिल्या आठवड्यात माहीत करून घे, गरज पडायची वाट पाहू नको. लेकरू होईल तेव्हा पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांची भरपगारी रजा आहे.

ग्रॅच्युइटीचा हिशेब दोघंही शिका. शेवटचा पगार भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. 13,000 पगाराला दर वर्षाचे 7,500, म्हणजे दहा वर्षांचे 75,000. पाच वर्षांची अट आहे, पण मुदतीच्या करारावरच्या माणसाला आता एका वर्षावरही मिळते. आमच्या जिनिंगसारख्या हंगामी कामाला दर सीझनचे सात दिवस. मला माझ्या अठ्ठावीस सीझनचे पैसे मिळाले, कारण प्रत्येक सीझनची हजेरी मीच लिहिलेली होती. माझ्यासोबतच्या बऱ्याच रेचेवाल्यांच्या नोंदी सापडल्याच नाहीत. काम त्यांनी माझ्यापेक्षा जड केलं होतं.

मजुरीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. पण माय, पहिला अर्ज साधा लिहायचा, पोच घ्यायची, आणि महिनाभरात लिहायचा. तक्रार शिळी झाली की साक्षीदारही शिळे होतात. आणि बाबू, कुणी असा अर्ज दिला तर तो तुझा दुश्मन झाला असं समजू नको. तोंडानं ओरडणाऱ्यापेक्षा कागदावर मागणारा बरा, त्याला कागदावर उत्तर देता येतं.

आता उठा. बाबू, तू मघा म्हणालास, "आबाजी, रविवारी मिलमध्ये येऊन हजेरीवही बघत जा." येतो. पण आधी नेमणुकीचं पत्र आण, आणि रविवारच्या बदली सुट्टी कोणत्या वारी देतोस, ते त्यात लिही.